साडेचारांची चिमूट

उजव्या हाताला साडेचार बोटं, म्हणून सगळा रस्ता त्यांना साडेचार म्हणायचा. खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं, पण परवाना पार छताजवळ टांगलेला. वाचायचा तर स्टूल हवं, आणि मांस घ्यायला आलेला माणूस स्टुलावर कशाला चढेल? ‘जरा साडेचारांकडे जाऊन येतो’ हे ऐकून नव्यानं राहायला आलेला माणूस एकदा तरी घड्याळाकडे बघायचाच. दुसऱ्या आठवड्यापासून तोही तसंच म्हणायला लागायचा.

दुकान पोर्कचं. वडिलांनी सुरू केलेलं, एका खोलीचं. भिंतींना खांद्याइतक्या उंचीपर्यंत पांढऱ्या फरशा, मधोमध लाकडाचा ओंडका, सत्तुराचे घाव खाऊन खाऊन मधे खोलगट झालेला. काचेच्या कपाटात चॉप ओळीनं मांडलेले असायचे: बरगडीच्या हाडासकट कापलेले, अंगठ्याएवढे जाड, कडेला चरबीची पांढरी पट्टी. मागच्या दारातून स्वयंपाकघर, तिथून जिना, वर घर. दुकान आणि घर यांच्यामध्ये एक पडदा तेवढा होता, आणि तोही दिवसभर खुंटीला अडकवलेला. त्यामुळे गिऱ्हाइकांना घरात काय शिजतंय ते कळायचं आणि घराला गिऱ्हाइकांचे गुडघे, सुना आणि भाडेकरू यांची खडान्‌खडा माहिती असायची.

चॉप काय, दुसरीकडेही मिळतात. लोक इथं यायचे ते मसाल्यासाठी. अर्धा किलो चॉप घेतले की बरोबर कागदाची एक पुडी मिळायची. मसाला दोन्ही बाजूंनी चोळायचा, तासभर तसंच ठेवायचं, मग तापलेल्या बिडाच्या तव्यावर टाकायचं. बाकी काही करायचं नाही. दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं: ‘बायकोच्या माहेरचा मसाला. कणभर बदल नाही.’ अक्षरांचा रंग उडाला की साडेचार स्वतः शिडी लावून ती गिरवायचे. त्यातलं ‘कणभर’ तर इतक्या वेळा गिरवलं होतं की ते बाकीच्यांपेक्षा जाड दिसायचं.

मसाला गुरुवारी सकाळी व्हायचा, दुकान उघडायच्या आधी, ओंडक्याशेजारच्या संगमरवरी फळीवर. मोठ्या परातीत मीठ चार वाट्या, ब्राऊन साखर दोन, मिरपूड दोन, रंगाला लाल पण जिभेला मऊ अशी मिरचीची पूड तीन, मोहरीची पूड एक, वाळलेल्या लसणाची एक. इथपर्यंत बोलायला परवानगी होती. मग लवंग आणि जायफळ, दोन्हींची ताजी कुटलेली पूड. हे दोन्ही जिन्नस वाटीनं घालायचे नाहीत, चिमटीनं घालायचे, आणि ते मोजताना कुणी चकार शब्द काढायचा नाही. लवंग चाळीस चिमूट, जायफळ साठ. साडेचार कागदावर एकेक चिमूट टाकत, ओठ हलवत मोजायचे. मधेच कुणी ‘उघडलं का हो?’ म्हणून शटर वाजवलं की झालं. आकडा सुटायचा, कागदावरची पूड परत डब्यात जायची आणि पुन्हा एकपासून सुरुवात व्हायची. शटर वाजवणाऱ्याला मग त्या दिवशी चॉप जरा चरबीकडचे मिळायचे.

मसाला बायकोनं आणला होता हे खरं होतं. सासरे नुसतं मांस विकायचे. नवी सून आली, चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं दुपारच्या जेवणाला आईच्या पद्धतीनं मसाला करून चॉपला चोळला, तवा चढवला, आणि दुकानात उभी असलेली तीन गिऱ्हाइकं आपापलं सामान घेऊनही हलेनात. तेव्हापासून पुडी सुरू झाली. पुढं पोरीच्या वेळी तिला दिवस गेले, लवंगेच्या वासानं तिला मळमळायला लागलं, तेव्हा नवऱ्यानं परात आपल्याकडे ओढली. वर्षभर तिच्यासमोर बसून शिकला. तेव्हा त्याला दहाची दहा बोटं होती.

बोटाची गोष्ट साडेचार प्रत्येकाला सांगायचे, न विचारता. “पोरगी पहिल्यांदा उभी राहिली,” ते म्हणायचे, “आणि माझं बोट आडवं झालं.” म्हणजे झालं असं होतं की ते चॉप तोडत होते, दहा महिन्यांची लेक आतल्या खोलीत खुर्चीला धरून उभी राहिली, यांनी वर बघितलं आणि सत्तूर खाली आला. अंगठ्याशेजारचं बोट मधल्या पेरावर गेलं. गोष्ट सांगून झाली की ते उरलेलं अर्धं बोट नाचवून दाखवायचे आणि लोक हसायचे. एकतीस वर्षांत त्या विनोदाला न हसलेलं माणूस एकच, ते म्हणजे काकू. साडेचारांच्या बायकोला रस्ता काकू म्हणायचा. ती काउंटरमागे चॉप कागदात बांधत असायची आणि गोष्ट निघाली की तिला नेमकी दोऱ्याची गाठ बसत नसायची.

काकूंबद्दल आणखी एक गोष्ट रस्त्याला ठाऊक होती. त्या स्वतः चॉप खात नसत. “पित्त,” त्या म्हणायच्या. नवऱ्यानं दोन डॉक्टर आणि एक वैद्य केला, काढे झाले, पथ्य झालं. पित्त काही हटलं नाही. गंमत म्हणजे त्याच पित्तावर काकू लोणचं, तळलेले बटाटे आणि कडक कॉफी असं सगळं बिनधास्त रिचवायच्या. पण नवराबायकोत इतक्या वर्षांनी अशा गोष्टींचा हिशेब कोण मांडत बसतं?

आता साडेचारांचं मनगट गेलं. चाळीस वर्षं सत्तूर चालवून सांधा झिजला होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली, कोपरापासून पार बोटांच्या टोकांपर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, “हात बरा होईल. चहाचा कप धराल. सत्तूर मात्र विसरा.” साडेचारांनी मान डोलावली आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ज्या माणसाला मसाला मोजण्यापुरतं गप्प राहणंही जड जायचं, त्याच्या बाबतीत हे लक्षण चांगलं नव्हतं.

महिनाभर दुकान बंद राहिलं, मग लेक रजा काढून आली. ती रंगाच्या कारखान्यात होती, शेड जुळवायच्या कामावर. कुणीतरी जुन्या दाराची ढलपी घेऊन यायचं आणि हिनं तोच रंग डब्यात उभा करायचा. तीन वर्षं ती हेच करत होती आणि चांगलं करत होती. पण ती याच दुकानात वाढलेली. सत्तूर तिच्या हातात बापापेक्षाही सरळ चालायचा. पहिल्याच दिवशी तिनं अख्खी बरगडी अशी तोडली की चॉपवर बोट ठेवायला जागा नव्हती. साडेचार खुर्चीत बसून बघत होते. त्यांना फार बरं वाटलं आणि ते दाखवायचं नाही म्हणून त्यांनी फरशी नीट पुसली नाही अशी तक्रार केली.

“बाबा, स्पष्ट सांगते,” गुरुवारी सकाळी ती म्हणाली. “मला दुकान चालवायला आवडेल. सोमवारी कारखान्याला कळवायचंय. पण लोक येतात ते तुमच्या मसाल्यासाठी. तो मला जमला तर मी राहते. नाही जमला तर उगाच नाव घालवायला राहणार नाही.”

“जमेल की,” साडेचार म्हणाले. “त्यात काय आहे.” आणि मनातून त्यांना धडकी भरली. दुकान बंद झालं तर शेजारचा मोबाईलवाला मधली भिंत पाडून घ्यायला टपूनच बसला होता. ते एक वेळ चाललं असतं. पण लेक खाली काम करतेय, बायको काउंटरमागे गाठी मारतेय आणि आपण खुर्चीत बसून दोघींच्या चुका काढतोय, हे म्हातारपण त्यांना चार दिवसांतच इतकं आवडलं होतं की ते जाणार हा विचारच त्यांना नको झाला.

परात मांडली. वाट्या झाल्या. लेकीनं वही काढली.

“चिमूट म्हणजे किती ग्रॅम?”

“चिमूट म्हणजे चिमूट.”

“बाबा, अंदाज तरी?”

“तुझ्या आजीनं तुझ्या आईला चाळीस आणि साठ सांगितलं, तिनं मला सांगितलं. ग्रॅम कुणी विचारलं नाही. तू मोज.”

ती मोजायला लागली आणि साडेचार नकळत बरोबर ओठ हलवायला लागले. शंभर झाल्या. मसाला कालवला, चाळला, चॉपला चोळला, तासाभरानं तवा चढला. साडेचारांनी डाव्या हातातल्या काट्यानं तुकडा तोंडात घातला, चावला, थांबले, पुन्हा चावला.

“काय?” लेक म्हणाली.

“काहीतरी राहिलंय.”

राहिलं काहीच नव्हतं. जुन्या डब्याच्या तळाशी साडेचारांच्या हातचा दोन चमचे मसाला शिल्लक होता. लेकीनं एका बशीत तो घेतला, दुसऱ्या बशीत आपला, जिभेवर एकदा हा ठेवला, एकदा तो. रंगाचं काम करणाऱ्या माणसाला फरक सापडायला वेळ लागत नाही. “लवंग कमी आहे,” ती म्हणाली. “जायफळसुद्धा. दोन्ही वाढवली की जुळेल. किती ते मी तासाभरात काढते.”

“आकडा बदलायचा नाही.”

“अहो पण चव...”

“चाळीस म्हणजे चाळीस. पाटीवर काय लिहिलंय? आज तू लवंग वाढवशील, उद्या कुणी आलं घालेल. मग तो कुणाच्या माहेरचा राहिला?”

“मग तुम्ही काहीतरी लपवताय,” लेक म्हणाली. “जुनी माणसं असंच करतात. एक जिन्नस सांगायचाच नाही.”

हे साडेचारांना लागलं. स्वतःच्या पोरीपासून लपवायला त्यांच्याकडे होतं काय? ते ताडकन उठले आणि म्हणाले, “आण ती परात. मी करतो. डाव्या हातानं करतो.”

शुक्रवारी सकाळी त्यांनी डाव्या हातानं शंभर चिमूट मोजल्या. पाऊण तास लागला. कपाळावर घाम आला, दोनदा आकडा सुटला, शटर कुणीही वाजवलेलं नसताना. डावा हात तसा धडधाकट होता, फक्त अशा कामाची त्याला सवय नव्हती. मसाला तयार झाला, चॉप तव्यावर गेले, आणि परीक्षेला हेडबाई बसल्या. हेडबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. दर शुक्रवारी दोन चॉप न्यायच्या आणि आयुष्यभराची सवय म्हणून प्रत्येक गोष्टीला दहापैकी गुण द्यायच्या. त्यांनी दुकानातच उभ्या उभ्या एक तुकडा खाल्ला.

“आठ,” त्या म्हणाल्या. “चांगला आहे, सौम्य आहे. पण साडेचार, हा तुमचा नाही. लेकीनं केला ना? होईल हळूहळू.”

साडेचारांनी “हो” म्हटलं. हेडबाई गेल्यावर लेकीनं कालची आणि आजची अशा दोन बशा शेजारी ठेवल्या. “बाबा, हे दोन्ही एकच आहेत,” ती हळूच म्हणाली. “माझा आणि तुमचा. अगदी एक शेड.”

तिला वाटलं होतं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल. चूक तिच्या हाताची नाही, एवढं तरी सिद्ध झालं. पण साडेचारांनी त्याचा वेगळाच अर्थ काढला. त्यांना वाटलं, शस्त्रक्रियेत फक्त मनगट नाही गेलं, हातच गेला. आपल्याच घरचा मसाला आपल्याला येईनासा झाला. तो सगळा दिवस आणि शनिवारचाही सगळा दिवस ते खुर्चीत बसून होते आणि त्यांनी एकाही चॉपची, एकाही फरशीची चूक काढली नाही. गिऱ्हाइकं काळजीनं काकूंना खुणा करून विचारायला लागली. काकू नुसत्या मान हलवायच्या. बोलायला त्या दोनदा तोंड उघडून तशाच राहिल्या, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

रविवारी दुकान दुपारी बंद झालं. लेक वर बॅग भरत होती. मसाल्याचे दोन्ही नमुने संपवून टाकू म्हणून तिनं उरलेले चार चॉप तळून झाकून ठेवले होते. साडेचार वर पलंगावर पडले होते. झोप लागेना, तहान लागली, म्हणून ते अनवाणीच जिना उतरून स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि तिथंच थबकले.

काकू ओट्याशी उभ्या होत्या. हातात चॉप होता. काटा नाही, बशी नाही, हाड दोन्ही हातांनी धरलेलं, आणि त्या ते दातांनी साफ करत होत्या. शेजारी एक हाड आधीच साफ होऊन पडलं होतं. एकतीस वर्षांचं पित्त असलेली बाई दुसऱ्या चॉपवर होती.

“अगं,” साडेचार म्हणाले.

काकू दचकल्या. हाड हातातच राहिलं. हनुवटीला मसाला लागला होता.  आणि मग, हसू येईल असं वाटत असताना, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“माझ्या आईचा आहे हा,” त्या म्हणाल्या. “अगदी तिच्या हातचा.”

“तिच्याच हातचा आहे की. इतकी वर्षं तोच करतोय मी.”

“नाही हो.” काकूंनी हाड खाली ठेवलं आणि पदराला हात पुसले. “तुम्ही करता तो तिचा नाही. तुमचं बोट गेलं त्या दिवसापासून नाही.”

साडेचार स्टुलावर बसले.

“ते बोट गेल्यावर तुम्ही चिमूट कशी धरता ते कधी बघितलंत? अंगठा आणि पुढची दोन बोटं. उरलेलं अर्धं तसंच वर. तीन बोटांत किती येतं आणि दोन बोटांत किती येतं?”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

 आवाज ऐकून लेक जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन उभी राहिली होती, हातात घडी न केलेला टॉवेल.

“पट्टी सुटली,” काकू म्हणाल्या, “त्या गुरुवारी तुम्ही पहिल्यांदा मसाला केलात. तास लागला. मी दारातून बघत होते. पूड सांडत होती, परत उचलत होता. मग चॉप तळून माझ्यासमोर बशी ठेवलीत आणि म्हणालात, ‘बघ, हात तोच आहे ना?’ मी घास घेतला. नुसती लवंग. काय सांगणार होते मी? त्या दिवशी पोरगी उभी राहिली तेव्हा ‘अहो, इकडे बघा’ म्हणून हाक मीच मारली होती ना. म्हटलं, ‘तोच आहे.’ मग लोकांना तो आवडायला लागला. दोन महिने दुकानात मसालाच नव्हता, जुनी चव कुणाला आठवतेय. पाटी लागली. कणभर बदल नाही. मग तर तोंडच उघडता येईना.”

“आणि पित्त?”

“कसलं पित्त,” काकू म्हणाल्या. “मला लवंग सोसत नाही. पोरीच्या वेळेपासून.”

 वैद्याचे काढे साडेचारांना आठवले. ते काढे काकू नाक दाबून प्यायच्या, काहीही झालेलं नसताना, महिनोन्‌महिने. आपला हात तोच आहे असं आपल्याला वाटत राहावं, एवढ्यासाठी. त्यांना एकदम भडभडून आलं. त्यांनी ते आवरलं नाही. प्लास्टरच्या हातानं डोळे पुसायला गेले आणि नाकाला लागलं, तेव्हा लेक हसली, आणि मग काकूही.

“म्हणजे बाबा,” लेक म्हणाली, “दोन बोटांची चिमूट म्हणजे आजीचा मसाला. मी केला तो. डाव्या हातानं तुम्ही केलात तोही.” ती वजनकाटा आणायला पळालीसुद्धा. तिनं आधी अंगठा आणि पहिलं बोट यांत धरून दहा चिमूट कागदावर टाकल्या, आकडा लिहून घेतला. मग पहिलं बोट तळहाताशी दुमडलं, अंगठा आणि पुढची दोन बोटं अशी चिमूट धरून पुन्हा दहा टाकल्या. काट्यावरचा आकडा बघून तिनं शीळ घातली. “जवळजवळ दुप्पट.”

तिनं तिथल्या तिथं लहान वाडग्यात, बोट दुमडून, थोडा मसाला केला आणि डब्याच्या तळाशी उरलेल्या मसाल्याशेजारी ठेवला. एकदा हा जिभेवर, एकदा तो. मग बशी बापापुढे धरली. साडेचारांनी बोट बुडवलं, चाखलं आणि नुसती मान हलवली. जुळला होता.

“आता सांगा,” लेक म्हणाली. “मी आकडा बदलू की नको?”

साडेचारांनी विचार केला. “आकडा तोच,” ते म्हणाले. “चाळीस आणि साठ. बोट तेवढं दुमड.”

मग त्यांनी झाकण काढून ठेवलेल्या बशीतला एक चॉप उचलला, हाडाला धरून, बायकोसारखा. गुरुवारी हाच मसाला त्यांनी चाखला होता आणि काहीतरी राहिलंय म्हणाले होते. आता ते सावकाश खात होते. लवंग होती, पण मागं, आणि जायफळ फक्त शेवटी कळत होतं. अर्धा झाल्यावर त्यांना ती दुपार आठवली, नवी सून, बिडाचा तवा, आणि दुकानात न हलणारी तीन गिऱ्हाइकं. त्यांनी हाड साफ केलं.

“चांगला होता गं,” ते म्हणाले. “माझ्यापेक्षा चांगला होता.”

“असू दे,” काकू म्हणाल्या आणि चौथ्या चॉपकडे हात नेला.

सोमवारी लेकीनं कारखान्याला फोन केला. फोनवर ती काय बोलली ते साडेचारांना ऐकू आलं नाही, कारण पलीकडे ते मोठमोठ्यानं तिच्या फरशीची चूक काढत होते.

तेव्हापासून दुकानात डबे दोन झाले. एकावर लेकीनं रंगानं ‘साडेचार’ लिहिलं, दुसऱ्यावर ‘पाच’. दोन्ही गुरुवारी सकाळी होतात, दोन्हींना चाळीस आणि साठ. एकाला ती बोट दुमडते, दुसऱ्याला सरळ ठेवते, आणि दोन्ही वेळा बोलायची परवानगी नसते. पाटीवर ‘कणभर बदल नाही’ तसंच आहे. ते पुसावं का यावर घरात तीन दिवस वाद झाला आणि शेवटी असं ठरलं की पाटीत खोटं काहीच नाही, फक्त ती आता निम्म्या दुकानाबद्दल आहे. रस्त्यातले बहुतेक लोक अजून साडेचारच नेतात. सवय आहे. पण काकू रविवारी दोन चॉप खातात आणि पित्ताचं नाव काढत नाहीत.

पहिल्या शुक्रवारी हेडबाई आल्या आणि दोन डबे बघून चष्मा वर सरकवला. “हे पाच काय आहे?”

साडेचार खुर्चीतून सरसावून बसले. गोष्ट सांगायची संधी ते सोडणार नव्हते. प्लास्टर कालच निघालं होतं, हात अजून पांढराफटक होता, पण अर्धं बोट नाचवण्याइतका मोकळा झाला होता. “त्याचं असं आहे हेडबाई,” त्यांनी सुरुवात केली. “पोरगी पहिल्यांदा उभी राहिली...”

आणि ते थांबले. एकतीस वर्षं त्यांनी ही गोष्ट सांगितली होती, शेकडो वेळा, आणि एकदाही त्यांनी हाकेचा उल्लेख केला नव्हता. कुणी हाक मारली, कुणी बघा म्हटलं, काही नाही. यांनी आपोआप वर बघितलं, असंच ते सांगत आले होते. बायकोवर दोष येऊ नये म्हणून हाक ते मुद्दाम गाळतात, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. बायकोला ते कळत असेल, हे आजवर त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

काकूंनी चॉप कागदात गुंडाळले, दोरा घेतला आणि गाठ मारली. गाठ पहिल्याच खेपेला बसली.

“पोरगी पहिल्यांदा उभी राहिली,” काकू म्हणाल्या, “मी यांना हाक मारली, आणि यांचं बोट आडवं झालं.”

हेडबाई हसल्या. काकूही हसल्या, जरा उशिरानं. लेकीनं सत्तूर ओंडक्यावर ठेवला आणि वळून बघितलं.

“हाक मारली ते बरं केलं,” साडेचार म्हणाले. “नाही तर मला दिसलं नसतं.”

हेडबाईंनी चॉपचा पुडा पिशवीत टाकला. “मग आज मला पाचची पुडी द्या,” त्या म्हणाल्या. “गुण पुढच्या शुक्रवारी सांगते.”